पुराचें लांकूड आणि कांचेंतलें पाणी

आश्विन महिना लागला, म्हणजे वर्धा, धाम, वणा आणि बोर या नद्यांचें पाणी निवळूं लागतें आणि पावसाळ्यांत त्यांनीं रानांतून व शिवारांतून ओढून आणलेला ऐवज कांठावर उघडा पडतो. वाळूंत रुतलेले ओंडके, मुळांचीं गुंतवळें, साल गळून गुळगुळीत झालेल्या फांद्या, असें हें लांकूड असतें. पूर्वीं त्यास बहुधा एकच वाट ठाऊक होती, ती चुलीची. आज शहरांतील घरांतून कांचेच्या पेटींत मासे पाळण्याची हौस रुजली आहे. अशा पेटींत एखादें वांकडेंतिकडें, झिजलेलें लांकूड ठेवलें, कीं त्या चौकोनी पाण्यास नदीचें रूप येतें. म्हणून या लांकडाकडे आतां हौशी माणसाचेंही लक्ष जाऊं लागलें आहे. तें उचलून आणणें सोपें आहे. परंतु त्याच्या सहवासांत पेटींतले मासे जगतील कीं मरतील, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. मत्स्यालय ही नवी वस्तु असली, तरी या प्रश्नाच्या उत्तराचे बरेचसे धागे सुतार, विहीर बांधणारे, कात काढणारे आणि भोई यांच्या जुन्या अनुभवांत सांपडतात.

प्रथम या लांकडाच्या मालकीचा विचार केला पाहिजे. पुरानें आणलेलें लांकूड कोणाचेंच नसतें, असा समज सर्वत्र आढळतो. कायदा मात्र तसें मानीत नाहीं. वर्धा जिल्हा नागपुराहून वेगळा झाला १८६२ सालीं. पालकवाडी या खेड्याच्या जागीं वर्धा शहर वसलें १८६६ सालीं. आणि १८६७ सालीं मुंबईहून निघालेली आगगाडी पुलगांव व वर्धा ओलांडून नागपुरास पोंचली. रुळांखालच्या स्लीपरांसाठीं व पुलांसाठीं लांकडाची भूक एकाएकीं वाढली, आणि जें रान पूर्वीं केवळ रान होतें, त्यास सरकारच्या दृष्टीनें किंमत आली. हिंदुस्थानांत वनखातें स्थापन झालें तें १८६४ सालीं. पुढें १८७८ च्या आणि त्यानंतर १९२७ च्या वनकायद्यांत वाहून आलेल्या लांकडासाठीं स्वतंत्र प्रकरणच घालण्यांत आलें. १९२७ च्या कायद्याच्या ४५ व्या कलमाप्रमाणें वाहत असलेलें, कांठास लागलेलें, अडकलेलें किंवा बुडालेलें इमारती लांकूड, कोणी आपला हक्क सिद्ध करीपर्यंत, सरकारचें समजलें जातें. त्या काळीं नद्यांतून ओंडके सोडून त्यांची वाहतूक होत असे. त्यांवर खुणेचे शिक्के मारलेले असत. आणि पुरांत सुटलेल्या ओंडक्यांवरून तंटे होत. त्या तंट्यांचा बंदोबस्त करणें, हा या कलमाचा उद्देश होता.

हातभर लांबीच्या वाळक्या मुळीसाठीं कोणी न्यायालयांत जाणार नाहीं, हें खरें. तरीहि ही मर्यादा ध्यानांत ठेवणें बरें. आणि बोर अभयारण्यासारख्या ठिकाणीं तर ती फार कडक आहे. बोरचें रान १९७० सालीं अभयारण्य झालें आणि २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा जागेंतून परवानगीवांचून कोणतीही वनोपज उचलतां येत नाहीं. स्वतःच्या परसांतील पेरूची किंवा जांभळाची वाळलेली फांदी, किंवा ओळखीच्या शेतांतील जुन्या झाडाचें मूळ, हें या दृष्टीनें अधिक निर्धास्त. शिवाय त्याचा दुसराही मोठा लाभ असा, कीं तें कोणत्या झाडाचें आहे, हें निश्चित ठाऊक असतें. पुराच्या लांकडाचें कूळ शोधणें कठीण. आणि पुढें दिसून येईल त्याप्रमाणें, कुळावरच बरेंच कांहीं अवलंबून असतें.

लांकूड आणि पाणी यांचा संबंध खेड्यांतील कारागिरांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक होता. नदीकांठच्या गाळवट जमिनींत विहीर बांधावयाची, तर तळाशीं लांकडाचें एक भक्कम कडें ठेवून त्यावर दगडविटांचें बांधकाम रचीत, आणि आंतली माती उपसतां उपसतां तें कडें भारासह खालीं उतरवीत नेत. या कड्यासाठीं जांभूळ किंवा उंबर पसंत केला जाई. उंबराचें लांकूड तसें मऊ व हलकें. उघड्यावर तें लवकर कुजतें. तेंच पाण्याखालीं वर्षानुवर्षें टिकतें. यांतील मर्म असें, कीं लांकूड कुजविणाऱ्या बुरशीस ओलाव्याप्रमाणेंच हवाही लागते. संपूर्ण बुडालेल्या आणि आंतपर्यंत भिजलेल्या लांकडांत हवा शिरत नाहीं, म्हणून बुरशीचें कांहीं चालत नाहीं. जें लांकूड कधीं ओलें, कधीं कोरडें असें राहतें, तें मात्र लवकर जातें. नदीच्या कांठावर, पाण्याच्या रेषेपाशीं पडलेलें लांकूड वरून कितीही सुंदर दिसलें, तरी आंतून पोखरलेलें असण्याचा संभव असतो, तो यामुळेंच.

दुसरा धडा बैलगाडीच्या सुताराचा. विदर्भांत गाडीच्या चाकासाठीं बाभूळ वापरीत. बाभळीचा ओंडका कापल्याबरोबर कामास न लावतां तो कांहीं काळ तळ्याच्या किंवा नाल्याच्या पाण्यांत बुडवून ठेवावा आणि मग सावलींत सुकवावा, अशी रीत होती. बांबूही असाच भिजत घालीत. लांकूड ‘मुरलें’ म्हणजे त्यास घूण लागत नाहीं, एवढें सुतारास पुरे होतें. आजचें शास्त्र त्याचें कारण सांगतें. सालीखालच्या कोवळ्या, पांढुरक्या लांकडांत झाडानें सांठविलेली साखर व पिष्ट असतें. घुणीच्या किड्यास तेंच हवें असतें. पाण्यांत भिजल्यानें त्याचा बराचसा भाग निघून जातो आणि मागें किड्यास निरुपयोगी असें लांकूड उरतें. कांचेच्या पेटींत ताजें लांकूड ठेवल्यावर दोनतीन दिवसांनीं त्यावर जी पांढरी, बुळबुळीत साय येते, तीही याच साखरेवर वाढणाऱ्या बुरशीची व सूक्ष्म जंतूंची असते.

तिसरा धडा कात काढणाऱ्यांचा. खैराच्या झाडाच्या गाभ्याचे तुकडे करून ते मडक्यांत तासन् तास उकळावयाचे, तें तांबूस पाणी आटवावयाचें आणि थंड झाल्यावर त्यांतून काताच्या वड्या पाडावयाच्या, असा हा उद्योग. लांकडांतील कषाय द्रव्य गरम पाण्यांत लवकर उतरतें, थंड पाण्यांत हळूहळू, हें ज्ञान त्यांत गृहीत आहे. हेंच कषाय द्रव्य बाभळीच्या व ऐनाच्या सालींत विपुल असतें. चांभार त्यावर कातडें कमावतो. मत्स्यालयाचा शौकीन लांकूड उकळतो, तेव्हां तो कात काढणाराचीच कृति करीत असतो. फरक इतकाच, कीं कात काढणारा पाणी ठेवून लांकूड टाकून देतो आणि हा लांकूड ठेवून पाणी टाकून देतो. लांकडानें पेटींतल्या पाण्यास चहासारखा रंग आला, तर तेवढ्यानें भिण्याचें कारण नसतें. रानांतल्या कित्येक ओढ्यांचें पाणी पालापाचोळ्यामुळें असेंच तांबूस असतें आणि मासे त्यांत सुखानें राहतात. मात्र कषाय द्रव्य पाणी किंचित् आम्ल करतें. काळ्या दगडाच्या प्रदेशांतील विहिरींचें पाणी बहुधा जड असल्यामुळें त्यांत हा परिणाम फारसा जाणवत नाहीं. पावसाचें सांठविलेलें मृदु पाणी वापरणारानें अधिक जपावें.

चौथा धडा सर्वांत महत्त्वाचा आणि तो मासे मारणारांकडून मिळतो. उन्हाळ्यांत नदीची धार तुटून डोह उरले, कीं त्यांत विशिष्ट झाडांचीं फळें किंवा साली ठेंचून टाकावयाच्या आणि गुंगी येऊन वर आलेले मासे गोळा करावयाचे, ही पद्धत मध्य हिंदुस्थानांत फार जुनी आहे. गेळाचें फळ, हिंगणबेटाचें फळ व साल, रिठा, हीं त्यांतलीं सर्वपरिचित नांवें. यांत साबणासारखा फेस आणणारें जें द्रव्य असतें, तें माशाच्या कल्ल्यांस अपाय करतें आणि पाण्यांत प्राणवायु असूनही मासा गुदमरतो. या व अशा रीतींनीं नद्या निर्मत्स्य होऊं लागल्या, म्हणून १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यानें पाण्यांत विष कालविणें व सुरुंग उडविणें हे दोन्ही गुन्हे ठरविले. माणसास निरुपद्रवी असणारी वनस्पति माशास घातक असूं शकते, हा या हकीकतीचा बोध होय. रिठ्यानें माणूस केंस धुतो; मासा त्यानेंच मरतो. म्हणून गेळ, हिंगणबेट, रिठा यांचें लांकूड पेटींत घालूं नये. त्याचप्रमाणें चीक असणारे शेर व रुई, जहाल कण्हेर, अंगावर फोड उठविणारा बिब्बा आणि कीटकनाशक गुणाविषयीं प्रसिद्ध असलेला कडुनिंब हीं झाडेंही वर्ज्य समजावीं. बिब्ब्यासारखें लांकूड तर घरांत उकळणेंही धोक्याचें.

आतां प्रश्न असा येतो, कीं नदींत हीं सर्वच झाडें पडतात आणि तरीही मासे जगतात. मग पेटींतच एवढी काळजी कशासाठीं? याचें उत्तर मत्स्यालयाच्या जन्मकथेंत आहे. १८५० च्या सुमारास लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें सुमारें बारा गॅलन पाण्याच्या कांचपात्रांत दोन सोनेरी मासे व एक पाणवनस्पति ठेवून पाहिली. वनस्पति प्राणवायु देईल आणि मासे त्यावर जगतील, अशी त्याची कल्पना होती. कांहीं दिवस सर्व ठीक चाललें. पुढें वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें आणि माशांची स्थिति बिघडली. तेव्हां त्यानें पाण्यांत गोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजका भाग खाऊन टाकला आणि पाणी पुन्हां स्वच्छ झालें. बंद पाण्यांत जीव जगवावयाचा, तर तेथें कांहीं कुजतां कामा नये, किंवा कुजलें तर त्याची वासलात लावणारा कोणीतरी हवा, हा नियम त्या प्रयोगानें हातीं आला. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. हिंदुस्थानांत मद्रास येथें १९०९ सालीं आणि मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय लोकांसाठीं खुलें झालें. आणि मग हळूहळू ही हौस घराघरांत शिरली.

नदीचें पाणी वाहतें असतें. लांकडांतून जें कांहीं उतरतें, तें धारेबरोबर निघून जातें आणि अपार पाण्यांत विरून नाहींसें होतें. पेटींतलें पाणी कोठेंच जात नाहीं. त्यांत एक तोळा द्रव्य उतरलें, तर तें तेथेंच राहतें आणि दिवसेंदिवस दाट होत जातें. विहीर बांधणाराची चिंता अशी असे, कीं पाण्यानें लांकूड नासूं नये. मत्स्यालयाची चिंता याच्या नेमकी उलट आहे. तेथें लांकडानें पाणी नासूं नये, हें पाहावयाचें असतें. जुन्या कारागिरांचें ज्ञान उपयोगी आहे. परंतु तें असें उलटें करून वापरावें लागतें.

ज्या धोक्यांची जुन्या लोकांस कल्पनाच नव्हती, असेही कांहीं धोके आतां उत्पन्न झाले आहेत. १९३३ सालीं डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेंत सोंटी कामेसम या भारतीय शास्त्रज्ञानें तांबें, क्रोम व सोमल यांच्या क्षारांचें मिश्रण लांकडांत मुरवून तें कुजण्यापासून व वाळवीपासून वाचविण्याची युक्ति शोधली. ती पुढें जगभर पसरली. खांब, कुंपणें व इमारती यांसाठीं असें लांकूड वापरण्यांत आलें. आगगाडीच्या स्लीपरांस डांबरतेलही पाजीत. जें लांकूड वाळवीस मारतें, तें माशासही सोडीत नाहीं. तांब्याचा अल्प अंशही गोगलगाईस व लहान माशांस घातक होतो. म्हणून जुना खांब, स्लीपर, पेटाऱ्याची फळी किंवा रंगरोगण लागलेला तुकडा, कितीही जीर्ण व देखणा असला, तरी पेटींत नको. उकळल्यानेंही हीं विषें पुरतीं जात नाहींत.

दुसरा नवा धोका शिवारांतला. वर्धा जिल्हा कापसाचा; हिंगणघाटच्या कापसाचें नांव एके काळीं दूरवर गाजलेलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कापसावर कीटकनाशकांची फवारणी सर्रास होऊं लागली आणि पावसाबरोबर तीं औषधें नाल्यांत उतरूं लागलीं. त्यांतील एंडोसल्फान हें माशांस अत्यंत घातक. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें त्यावर देशांत बंदी आली. इतर औषधें चालूंच आहेत. कापसाच्या शेताखालच्या नाल्यांत महिनोन् महिने पडून असलेलें सच्छिद्र लांकूड काय काय प्यालें असेल, हें डोळ्यांस दिसत नाहीं. कारखान्याच्या किंवा गांवच्या सांडपाण्याच्या वाटेवरचें लांकूडही तसेंच. जेथें पाण्यांत मासे व गोगलगाई स्वाभाविकपणें नांदत आहेत, तेथील लांकूड घेणें हाच त्यांतला सुरक्षित मार्ग.

लांकूड निवडल्यावर तें तयार करण्याची रीत वरील सर्व धड्यांतून आपोआप निघते. प्रथम तें पूर्ण वाळलेलें आहे, याची खात्री करावी. हिरव्या फांदींत रस असतो आणि तो पाण्यांत उतरतो. अशी फांदी सावलींत कित्येक महिने सुकूं द्यावी. मग नखानें दाबून पाहावें. नख रुतलें किंवा भुसा निघाला, तर तेवढा भाग चाकूनें काढून टाकावा. आंतपर्यंत तसेंच असेल, तर लांकूड चुलीस द्यावें. वास घ्यावा. उग्र, तेलकट किंवा औषधी वास येत असेल, किंवा राळ पाझरत असेल, तर तें बाजूस ठेवावें. साल सर्व सोलून काढावी, कारण विष, कषाय द्रव्य आणि कुजणारा अंश यांचें बहुतेक ठाणें सालींत व सालीखालीं असतें. त्यानंतर ताठ ब्रशानें साध्या पाण्यांत घासावें. साबण, सोडा किंवा फिनेल यांचा स्पर्शही होऊं देऊं नये. लांकूड तें शोषून घेतें आणि पुढें सावकाश परत देतें.

मग उकळणें. स्वयंपाकाचें भांडें न वापरतां वेगळें पातेलें घ्यावें, लांकूड पूर्ण बुडेल इतकें पाणी घालावें आणि तासदोन तास उकळूं द्यावें. यानें किडे, त्यांचीं अंडीं व बुरशी मरते आणि रंगही बराच उतरतो. पाणी बदलून हीच कृति दोनतीनदां करावी. त्याहून अधिक उकळल्यास लांकडाचे तंतु सैल पडतात. पातेल्यांत न मावणारें लांकूड मोठ्या टांकींत कित्येक आठवडे भिजत ठेवावें आणि पाणी वारंवार बदलावें. या भिजविण्याचा दुसराही हेतु आहे. लांकडाचें मूळ द्रव्य पाण्याच्या सुमारें दीडपट जड असतें. लांकूड तरंगतें तें केवळ त्याच्या छिद्रांतील हवेमुळें. ब्रह्मदेशांत सागाचें झाड तोडण्यापूर्वीं बुंध्याशीं खांचून दोनतीन वर्षें उभेंच सुकूं देत, कारण ओला साग नदींत बुडे. मत्स्यालयांत याच्या उलट करावयाचें असतें. हवा बाहेर पडून तिच्या जागीं पाणी भरलें, कीं लांकूड आपण होऊन तळाशीं बसतें. तोंवर दगडाचा भार ठेवावा. लोखंडी खिळा किंवा तांब्याची तार वापरूं नये.

इतकें झाल्यावरही एक परीक्षा उरते. दोन बादल्या घ्याव्या. दोहोंत एकच पाणी भरावें, दोहोंत थोड्या गोगलगाई सोडाव्या आणि एकींत लांकूड ठेवावें. आठपंधरा दिवसांत लांकडाच्या बादलींतील गोगलगाई सुस्त झाल्या, पाण्याबाहेर चढूं लागल्या किंवा मेल्या, आणि दुसऱ्या बादलींतील मात्र ठीक राहिल्या, तर निकाल स्पष्ट आहे. दोन्हींत सारखीच स्थिति असेल, तरच लांकूड पेटींत जावें. आणि तेंही आरंभीं माशांवर व पाण्यावर लक्ष ठेवून. मागाहून पांढरी साय आली, तर ती घासून काढावी. लांकडांतली साखर संपली, कीं ती बहुधा पुन्हां येत नाहीं. लांकूड काळें पडून कुजक्या अंड्यासारखा वास येऊं लागला, तर मात्र तें तत्काळ बाहेर काढावें.

असें पारखून घेतलेलें लांकूड पेटीचें केवळ भूषण राहत नाहीं. माशांच्या मलमूत्रांतून उत्पन्न होणारा अमोनिया पचवून त्याचें सौम्य क्षारांत रूपांतर करणारे सूक्ष्म जंतु त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर वस्ती करतात. भित्र्या माशास त्याच्या आडोशास लपतां येतें. दक्षिण अमेरिकेंतील चूषक मुखाचे कांहीं मासे तर त्यावर तोंड घासून त्याचे तंतु खातात. अशा माशांच्या पेटींत लांकूड निर्विष असणें दुप्पट अगत्याचें. नदींतही बुडालेल्या लांकडाचा उपयोग हाच असतो. डोहांत अडकलेल्या ओंडक्याखालीं मासे अंडीं घालतात, पिलें लपतात आणि त्यावरच्या शेवाळावर गोगलगाई चरतात. म्हणून पाण्याखालीं आधींच कोणाचें घर झालेला ओंडका न हलवितां, कांठावर कोरडें पडलेलें किंवा परसांतलें लांकूड घ्यावें. धामेच्या डोहांतील माशाचा आसरा मोडून दिवाणखान्यांतील माशास तो देण्यांत हित कोणाचेंच नाहीं.